लव्हाळा उपटला की दुप्पट का येतो?

प्रश्न : घरामागे साधारण ५० चौरस मीटर हरळीची हिरवळ आहे. दोनेक वर्षांपासून तिच्यात लव्हाळा शिरलाय. महिन्या-दीड महिन्यातून एकदा बसून सगळा उपटतो, पण पंधरा दिवसांत तो आधीपेक्षा दाट दिसतो. कुणी मीठ टाका म्हणतं, कुणी व्हिनेगर, कुणी काळं प्लास्टिक अंथरायला सांगतं. मधेमधे गवत पिवळं पडून जमीन उघडी झाली आहे. भरीला हिरवळीतून मुंग्यांची रांग थेट स्वयंपाकघरात येते, आणि फवारा मारूनही झुरळं महिन्याभरात परत दिसतात. घरात रांगतं मूल आहे, कुत्रा आहे, त्यामुळे जहाल औषधांची भीती वाटते. सुरुवात कुठून करू?

उत्तर : लव्हाळ्यापासून करा, कारण त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागणार आहे. मुंग्या आणि झुरळं त्या मानाने लवकर आटोक्यात येतात.

आधी तो लव्हाळाच आहे याची खात्री करा. खोड बुडाशी धरून बोटांत फिरवलं की तीन धारा लागतात आणि पानं तीन बाजूंना निघालेली दिसतात. गवताचं खोड गोल किंवा चपटं असतं. जमिनीतली काळपट गाठ चिरली तर एक उग्र-सुवासिक वास येतो. ही ओळख महत्त्वाची, कारण लव्हाळा गवतवर्गातला नाही आणि रुंद पानांचं तणही नाही. त्यामुळे रुंद पानांच्या तणांसाठीचं २,४-डी मारून तो फार तर थोडे दिवस मलूल होतो, मरत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. वर दिसणाऱ्या प्रत्येक रोपाखाली एक कंद असतो. त्यातून बारीक, चिवट तंतू निघतात आणि त्या तंतूंवर थोड्या थोड्या अंतराने आणखी गाठी, अशी जमिनीखाली माळच असते. जोवर माळ सलग आहे तोवर फुटलेला कोंब बाकीच्या गाठींना झोपवून ठेवतो. तुम्ही वरून ओढता तेव्हा तंतू तुटतो, कोंब हातात येतो आणि झोपलेल्या गाठी एकेकट्या होऊन फुटतात. म्हणून एकाच्या जागी तीन दिसतात.

पण गाठ जागी होणं हे वाईट नाही. फुटताना ती आपला साठा खर्च करते आणि कोंब वर आल्यावर साधारण तीन आठवड्यांनी नव्या गाठी बांधायला लागते. त्या आधी तो कोंब काढला तर गाठीला तोटा होतो, त्यानंतर काढला तर तिचं आधीच भागलेलं असतं. तुम्ही महिन्या-दीड महिन्याने उपटता, म्हणजे तिला जेवढा वेळ हवा तेवढाच नेमका देता. उपटणं बरोबर आहे, अंतर चुकतंय. हे अंतर दहा ते चौदा दिवसांवर आणा आणि वाढीच्या पूर्ण हंगामात ते सोडू नका. उबदार, ओलसर महिन्यांत एक फेरी चुकली तर आधीच्या चार फेऱ्यांचं काम वाया जातं. एका हंगामात लव्हाळा संपणार नाही, कारण काही गाठी वर्ष-दोन वर्षं किंवा त्याहूनही जास्त पडून राहतात. पण पहिल्या हंगामाच्या शेवटी कोंब बारीक आणि विरळ येत असतील तर गाडी रुळावर आहे असं समजा.

५० चौरस मीटर एका बैठकीत नीट होत नाही. सुतळी बांधून सारखे पाच पट्टे पाडा आणि दर दोन दिवसांनी एक पट्टा घ्या, म्हणजे दहा दिवसांत चक्र पुरं होतं. आदल्या संध्याकाळी त्या पट्ट्याला भरपूर पाणी द्या. दुसऱ्या दिवशी अरुंद पात्याचं खुरपं रोपापासून चार बोटं दूर, तिरकं, साधारण १५ सेंटीमीटर खोल घाला आणि माती सैल करून कोंबाबरोबर गाठ वर उचला. बहुतेक गाठी याच खोलीत असतात. काही ३० सेंटीमीटरच्याही खाली असतात, पण त्यांच्या मागे लागून हिरवळ खणू नका. त्यांचा कोंब वर आला की पुढच्या फेरीत सापडेलच. कोरड्या जमिनीत ओढाल तर फक्त पानं हातात येतील.

काढलेला लव्हाळा कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. घरगुती खड्डा गाठी मरण्याइतका तापत नाही आणि तेच खत तुम्ही पुढे साऱ्या बागेत पसरता. गाठीचा कच्चा दुवा म्हणजे कोरडेपणा. फरशीवर किंवा पत्र्यावर एकेरी थरात पसरून कडक उन्हात आठवडाभर वाळू द्या, माती झटकून. ढीग करून ठेवलात तर आतल्या गाठी ओल्या राहतात आणि तिथेच फुटतात.

आता ऐकीव उपाय. मीठ नको, अजिबात नको. मिठातलं सोडियम चिकणमातीची घडण मोडतं, जमीन दगडासारखी घट्ट होते, पाणी मुरत नाही, आणि पाण्याबरोबर ते शेजारच्या झाडांच्या मुळांशी पोचतं. ते काढायला मग भरपूर पाणी आणि बराच काळ लागतो. घरगुती व्हिनेगर पानं करपवतं, गाठीला त्याचा पत्ताही लागत नाही. आणि ते हरळीचीही पानं करपवतं.

प्लास्टिकचं थोडं वेगळं आहे. लव्हाळ्याचं टोक सुईसारखं टोकदार असतं आणि पातळ काळं प्लास्टिक ते सहज भोसकतं. पारदर्शक प्लास्टिकखाली उलट घडतं : कोंबाला उजेड मिळतो, पान खालीच उलगडतं आणि टोक बोथट झाल्याने तो आत अडकून भाजतो. पण त्याखालची हरळीही मरते. म्हणून हा उपाय चालू हिरवळीसाठी नाही. एखादा पट्टा पूर्ण मोडून नव्याने लावायचा असेल तरच : माती ओली करा, सपाट करा, २५ ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक कागद ताणून अंथरा, चारही कडा मातीत गाडा आणि वर्षातले सगळ्यात तापलेले चार ते सहा आठवडे तसाच ठेवा. कागद सैल राहून मधे हवा खेळली तर माती पुरेशी तापत नाही. खोलवरच्या गाठी त्यातूनही वाचतात, तेव्हा खुरप्याच्या फेऱ्या पुढेही आहेतच.

औषधाचा विचार दुसऱ्या हंगामात करा, तोही फेऱ्या करूनही भागलं नाही तर. लव्हाळ्यावर चालणारं आणि हरळीला सहसा इजा न करणारं निवडक तणनाशक म्हणजे हॅलोसल्फुरॉन मिथाइल. तुमच्याकडे ते हिरवळीवर वापरायला परवानगी आहे का, हे लेबलवर वाचूनच घ्या. ग्लायफोसेटचा फवारा हिरवळीवर कधीच नको, ते हरळीलाही मारतं.

हॅलोसल्फुरॉनच्या मात्रेत बहुतेक लोक फसतात. ७५ टक्के दाणेदार औषधाची मात्रा लेबलवर हेक्टरी ९० ग्रॅम लिहिलेली असेल, तर १०० चौरस मीटरला ती ०.९ ग्रॅम होते आणि तुमच्या ५० चौरस मीटरला फक्त ०.४५ ग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा हे मोजूच शकत नाही, शिवाय तो काटा औषधाला लावूही नये. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा वेगळा ठेवा. ‘चिमूटभर’ घालणाऱ्यांची हिरवळ महिनाभर पिवळी पडून राहते. पाणी किती लागेल हे आधी ठरवा : पंपात २ लिटर साधं पाणी घेऊन नेहमीच्या चालीने फवारा आणि किती जागा भिजली ते मोजा. ५० चौरस मीटरला दोन-अडीच लिटर पुरतं. पान मेणचट असल्यामुळे थेंब घरंगळतो, म्हणून लेबलवर सांगितलेलं नॉन-आयोनिक स्टिकर घालावं लागतं. त्याचं प्रमाण साधारणपणे लिटरला अडीच मिलिलिटर असतं.

फवारणीच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस गवत कापू नका. औषध पानातून शोषून गाठीपर्यंत उतरायला हवं, पानंच नसतील तर ते उतरणार कुठून? रोप चार-सहा पानांचं, जोमात असलेलं हवं. पाण्यावाचून सुकलेल्या लव्हाळ्यावर औषध फुकट जातं. वारा नसलेली सकाळ निवडा, पानं कोरडी असू द्या आणि नंतर लेबलवर दिलेल्या वेळेपर्यंत पाणी देऊ नका. आठवडा-दोन आठवडे काहीच झालं नाही असं वाटेल, मग पिवळेपणा येईल आणि तीन-चार आठवड्यांत रोप वाळेल. ‘लागू पडलं नाही’ म्हणून दहाव्या दिवशी पुन्हा मारण्याची चूक सर्रास होते. दुसरी फवारणी लागलीच तर सहा ते आठ आठवड्यांनी, लेबल परवानगी देत असेल तर. मूल आणि कुत्रा यांना फवारा पूर्ण वाळेपर्यंत तर दूर ठेवाच, पण कुत्रा गवत चघळतो म्हणून पुढचं पाणी देऊन होईपर्यंत थांबलेलं बरं.

पिवळ्या पट्ट्यांकडे वळण्याआधी एक सांगायला हवं : लव्हाळ्याला सावली सोसत नाही. दाट हरळीखाली तो दबतो आणि जिथे जमीन उघडी पडते तिथे मोकळा सुटतो. म्हणजे पट्टे भरणं हाच तणाचा अर्धा बंदोबस्त.

तुमच्याकडे कुत्रा आहे, तेव्हा आधी तोच संशयित. पट्टा गोल, ताटलीएवढा आणि भोवती गडद हिरवं कडं असेल तर ते मुताचं काम. त्यात नत्र इतकं असतं की मधलं गवत जळतं आणि कडेला, जिथे ते पातळ पोचतं, तिथे उलट तरारतं. त्याने मुतल्यावर लगेच त्या जागी बादलीभर पाणी ओतलं तर डाग पडत नाही. दुसऱ्या दिवशी ओतून फारसा उपयोग नाही.

तसं कडं नसेल तर पेचकस घ्या. ओल्या जमिनीत तो हाताने १० सेंटीमीटर घुसत नसेल तर माती दबली आहे. काटेरी फावड्याने दर १०-१५ सेंटीमीटरवर ८ ते १० सेंटीमीटर खोल भोकं पाडा, फावडं किंचित हलवा म्हणजे भोक मोकळं होतं, आणि वरून जाड वाळू आणि चाळलेलं कंपोस्ट यांचा ३ ते ५ मिलिमीटरचा थर झाडूने भोकांत लोटा. साऱ्या हिरवळीला हे करायचं तर १५० ते २५० लिटर मिश्रण लागेल. पट्ट्यापुरतं करायला दोन-तीन बादल्या पुरतात. त्याच थरात हरळीचे दोन-दोन गाठींचे तुकडे खोचा आणि मूळ धरेपर्यंत, साधारण तीन आठवडे, माती ओलसर ठेवा.

मूठभर गवत धरून ओढल्यावर ते मुळांशिवाय अलगद हातात आलं तर खाली हुमणी मुळं कुरतडते आहे. ३० बाय ३० सेंटीमीटरचा तुकडा तीन बाजूंनी कापून उलटा. अर्धगोल वळलेल्या, पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या दोन-चार अळ्या निघाल्या तर वेचून टाका आणि विसरा. आठ-दहा निघाल्या तर मेटारायझियम बुरशीची भुकटी लेबलप्रमाणे ओल्या मातीत, संध्याकाळी द्या. ऊन आणि कोरडी माती त्या बुरशीला सोसत नाही. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात.

कापणीचा एकच नियम सांभाळा : एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त काढू नका. हरळी तीन-साडेतीन सेंटीमीटरवर ठेवायची तर ती पाचच्या आत असतानाच कापायला हवी. लोक ‘काम वाचतं’ म्हणून एकदम जमिनीलगत कापतात, मुळं कमजोर होतात, उजेड मातीपर्यंत जातो आणि लव्हाळ्याला आयतं रान मिळतं. कापलेल्या टोकांना पांढरट दोरे दिसत असतील तर पातं बोथट आहे, धार लावून घ्या.

पाणी रोज थोडं थोडं देण्याची सवय मोडा. वरचा थर सतत ओला राहणं हेच लव्हाळ्याला हवं असतं. पाऊस नसताना आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर, म्हणजे चौरस मीटरला २५ लिटर, दोन वेळांत विभागून, पहाटे. स्प्रिंकलर असेल तर सपाट बुडाचे चार-पाच डबे पसरून ठेवा आणि १२ मिलिमीटर भरायला किती मिनिटं लागतात ते एकदा मोजा. खताला वाढीच्या दिवसांत महिन्याला चौरस मीटरमागे ५ ग्रॅम युरिया पुरे, तुमच्या हिरवळीला २५० ग्रॅम. कोरड्या पानांवर दोन दिशांनी फेका आणि लगेच पाणी द्या. दवावर टाकलेला युरिया पानाला चिकटून भाजतो.

मुंग्या. हिरवळीतली वारुळं स्वतः गवताचं फारसं बिघडवत नाहीत, त्यांना उकळतं पाणी ओतून उगाच गवत मारू नका. प्रश्न घरात येणाऱ्या रांगेचा आहे. रांगेवर फवारा मारून दिसणाऱ्या मुंग्या मरतात, राणी आणि पिल्लं वारुळात सुखरूप. आमिष लावा : १०० मिलिलिटर पाणी, १० ग्रॅम साखर, १ ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड. बोरिक अ‍ॅसिड वाढवण्याचा मोह होतो, तिथेच बिघडतं. जास्त तीव्र केलं तर मुंगी वाटेतच मरते किंवा तोंडच लावत नाही. ते वारुळापर्यंत पोचवायला ती दोन-चार दिवस जगायला हवी. कापसाचा बोळा त्यात भिजवून झाकणबंद डबीत ठेवा, डबीला बारीक भोकं पाडा आणि ती रांगेच्या कडेला, पण मुलाचा हात आणि कुत्र्याचं तोंड पोचणार नाही अशा ठिकाणी चिकटवा. पहिले दोन दिवस मुंग्या वाढलेल्या दिसतील. त्यांना तशाच येऊ द्या, रांग पुसू नका. आठ-पंधरा दिवसांत रांग थांबली की साबणाच्या पाण्याने वाट पुसा आणि फट सिलिकॉनने बुजवा. आधीच बुजवली तर त्या दुसरी फट शोधतात. साखरेला तोंडच लावत नसतील तर त्या मुंग्या तेलकट किंवा प्रथिनांच्या मागावर आहेत, मग तसं तयार आमिषाचं जेल लागेल.

झुरळांत आधी जात बघा. दीड सेंटीमीटरचं, फिकट तपकिरी, मानेमागे दोन गडद पट्ट्यांचं असेल तर ते घरातच वाढतंय. मादी तीस-चाळीस अंड्यांची कुपी पिल्लं निघायच्या बेतात येईपर्यंत अंगावरच वागवते. कुपीचं कवच फवारा आत जाऊ देत नाही, म्हणून महिन्याभरात नवी फौज हजर. शिवाय फवाऱ्याने झुरळं बिथरून आणखी आतल्या फटींत पांगतात.

यांच्यासाठी जेल हाच उपाय, आणि जेल लावण्याआधी किमान आठ-दहा दिवस फवारा बंद, तिथे फिनेलही नको. जिथे फवाऱ्याचा वास राहिलाय तिथे ती जेलकडे फिरकत नाहीत. ठिपका काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढा. दोन मोठे गोळे लावण्यापेक्षा असे पंधरा-वीस ठिपके बरे, कारण झुरळ आपल्या फटीपासून फार लांब जात नाही. बिजागरीच्या आत, फ्रीजच्या मोटरजवळ, सिंकच्या पाइपभोवतीच्या भोकात, कपाटाच्या वरच्या कोपऱ्यात, गॅसच्या शेगडीखाली पण तापणाऱ्या भागापासून दूर. ही सगळी ठिकाणं रांगत्या मुलाच्या टप्प्याबाहेरची किंवा फटीआतली असावीत, उघड्या कडेवर ठिपका नको. ज्यांनी जेल खाल्लं त्यांची विष्ठा आणि मेलेली झुरळं पिल्लं खातात आणि तीही मरतात. पंधरा दिवसांनी वाळलेले ठिपके खरवडून नवे लावा. पिल्लं मोठी व्हायला साधारण दोन महिने लागतात, तेव्हा तेवढा काळ लावत राहायचं. प्रगती डोळ्यांनी ठरवू नका. चिकट सापळे चार ठिकाणी ठेवा आणि आठवड्याला मोजा. एकाच सापळ्यात जास्त येत असतील तर फट तिथेच जवळ आहे.

झुरळ चार सेंटीमीटरचं, तांबूस असेल तर ते गटारातून येतंय आणि स्वयंपाकघरात जेल लावून उपयोग नाही. क्वचित वापरातल्या जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे पाणी साचून राहणाऱ्या वाकड्या पाइपातलं, पाणी आटलं की त्याला सरळ वाट मिळते. आठवड्याला अर्धा लिटर पाणी ओता आणि जाळी बारीक भोकांची बसवा.

बोरिक अ‍ॅसिड, जेल आणि तणनाशक मूळ पाकिटातच, कुलपात ठेवा. पेयाच्या बाटलीत तर कधीच भरू नका. मुलाच्या तोंडात काही गेलं तर उलटी करवू नका, तोंड पुसा आणि ते पाकीट बरोबर घेऊन लगेच डॉक्टर गाठा. कुत्र्यासाठी तेच पाकीट घेऊन पशुवैद्याकडे.